सगळ्यात आधी उत्तर देणारं सात नंबरचं मशीन

मंडळी, आज मारतहळ्ळीच्या आमच्या ऑफिसात एका मशीनने माझे कान उपटले.

आमच्याकडे चाळीस मशीनं एकमेकांना जोडलेली आहेत. कुठलं काम कुणाकडे जायचं ते माझा प्रोग्राम ठरवतो. नियम मीच लिहिलेला: जे आधी उत्तर देईल, त्याला काम.

सकाळपासून सात नंबर सारखं बंद पडत होतं. मी आणि माझी बेळगावची सहकारी सुषमा कारण शोधत बसलो. शेवटी कळलं, ते सगळ्यात आधी उत्तर देतं, म्हणून सगळी कामं त्याच्याच गळ्यात. बाकीची मशीनं निवांत!

मी मर्यादा घातली: एका वेळी चारच कामं. दहा मिनिटांत गाडी रुळावर.

मग सवयीने टीमच्या ग्रुपवर विचारलं, "रिपोर्ट कोण करेल?"

शेजारूनच सुषमा तिच्या कानडी सवयीने म्हणाली, "सरी, बरं, मी करते." नेहमीसारखं, सगळ्यांच्या आधी.

मी चपापलो. "तुझ्याकडे आत्ता किती कामं आहेत गं?"

"नऊ," ती हसली. "दादा, दोन वर्षांत पहिल्यांदाच विचारताय."

मशीन निदान बंद तरी पडतं.

मी ग्रुपवर पुन्हा लिहिलं, "सुषमा सोडून कोण करेल?"

तीन तास झाले. अजून कुणाचं उत्तर नाही.

तुमच्याकडे सात नंबर कोण आहे? विचारलंत कधी त्याला?