रोखीवाल्यांचं घर

वाशीच्या आमच्या बिल्डिंगखाली एक घरांचा दलाल उभा असायचा. अंगात सफारी, काखेत रेक्झिनची बॅग. घर दाखवताना तो आधी खिडकी उघडायचा आणि खाडीचा वारा जणू यानेच बसवून घेतलाय अशा तोऱ्यात गिऱ्हाइकाकडे बघायचा. गिऱ्हाइकाने कर्जाचं नाव काढलं, की खिडकी लावून घ्यायचा. “हे घर रोखीवाल्यालाच, साहेब. बँकेचं टेन्शन कोण घेणार? सतरा कागद मागतात!”

मागणारच. सरकारी सोडतीत लागलेली घरं काही वर्षं विकायला बंदी असायची आणि हा ती मुखत्यारपत्रावर खपवायचा. पैसे देऊनही कागदोपत्री मालक जुनाच राहायचा. मी बँकेत कर्जाच्या टेबलावर, त्यामुळे मला तो लांबूनच नमस्कार करी.

एके दिवशी मात्र तो माझ्याच टेबलासमोर येऊन बसला. स्वतःला राहायला फ्लॅट घेत होता आणि त्याला कर्ज हवं होतं.

“का हो, तुमच्याकडे रोकड नाही?” मी विचारलं.

“रोकड पडलीय ढीगभर,” तो खुर्ची पुढे ओढत म्हणाला. “पण कर्ज काढलं की तुमचा वकील सगळे कागद तपासतो ना? माझी पोरं राहणार आहेत हो त्या घरात.”