टाकीच्या झाकणावरची लाख

ॲक्सिलेटर दाबला आणि गाडीनं दम टाकला, की ड्रायव्हर आधी पेट्रोलला शिव्या घालतो. मीही घातल्या. लढाईचे दिवस, पेट्रोल कुपनावर, आणि त्यात रॉकेल किती हे देवालाच ठाऊक.

परंड्याच्या एका लिंगायत कापडवाल्यांच्या गाडीवर मी ड्रायव्हर होतो. त्यांना गाव अप्पा म्हणायचं, त्यांच्या बायकोला अक्का. त्यांची चार वर्षांची पोर घटसर्पानं घुसमटत होती. गळा सुजलेला, श्वास घेताना शिट्टी वाजायची. वैद्यानं हात टेकले. म्हणाला, बार्शी गाठा, तिथं सुई मिळंल. परंडा निजामाचं, बार्शी इंग्रजी मुलखात, वाट तासाभराची.

मध्ये निजामाचा नाका. कुपनाचं पेट्रोल पलीकडं नेऊन कुणी विकू नये म्हणून तिथला मुन्शी टाकीच्या झाकणाला सुतळी बांधायचा, वर लाख ओतून मोहोर मारायचा आणि वहीत ड्रायव्हरची सही घ्यायचा. परत येताना मोहोर फुटलेली दिसली की ड्रायव्हर आत. कशी फुटली, कुणी विचारत नसे. माझ्या ओळखीचा एक ड्रायव्हर असाच पंधरा दिवस आत होता. बाहेर आला तेव्हा त्याच्या उजव्या हाताला स्टेअरिंग धरवत नव्हतं.

आमची मोहोर मारून झाली आणि आम्ही निघालो. दोन मैलांवर गाडी खोकायला लागली. हळू चालवली तर चालायची, पाय दाबला की मेल्यागत व्हायची. मी बॉनेट उघडलं, प्लग काढून घासले. पुन्हा सुरू केली तर छान पळाली. म्हटलं, जिंकलं. दोन मैलांनी पुन्हा तेच. आता कार्बोरेटरचं जेट काढून फुंकलं. पुन्हा दोन मैल.

तिसऱ्यांदा उतरलो तेव्हा डोक्यात उजेड पडला. उभी राहिली की बरी होते, पळाली की दम लागतो. म्हणजे टाकीत हवाच जात नाही. झाकणाला सुईएवढं भोक असतं, पेट्रोल उपसलं जाईल तशी त्यातून हवा आत यायला. मागं जाऊन झाकणावर हात ठेवला. मुन्शानं लाख सढळ हातानं ओतली होती, भोक पार बुजलं होतं. लाख फोडायची, झाकण सैल करायचं, झालं. एका मिनिटाचं काम.

मी हात काढून घेतला.

आता काय लपवायचं? मी तसा तोंडाळ माणूस, अप्पांनाही कधी कधी उलटून बोलायचो. पण त्या दिवशी तोंडात मिठाची गुळणी धरली. एक शब्द बोललो असतो तर अप्पांनीच दगड घेऊन ती लाख ठेचली असती. पण वहीत सही माझी होती. धरलं तर चावतं, सोडलं तर पळतं. मग मला एक शहाणपण सुचलं, जळो ते शहाणपण. दहा मिनिटं उभी केली की कुठून तरी हवा झिरपते आणि गाडी दोन मैल जाते. म्हणजे असंच थांबत थांबत बार्शी येईल, मोहोरही शाबूत राहील. मी पुन्हा बॉनेट उघडलं आणि साफ असलेले प्लग साफ करत बसलो. अप्पा उन्हात शेजारी उभे राहून विचारत होते, "काय झालंय बाबा?" मी म्हणालो, "बघतोय अप्पा, बघतोय."

असं आणखी तीनदा केलं. तिसऱ्या खेपेला मागच्या सीटवरनं अक्का म्हणाल्या, "शिट्टी वाजंना झाली."

मी पाना घेऊन मागं धावलो. लाख फोडली, झाकण फिरवलं, फुस्स करून हवा आत गेली. उरलेली वाट गाडी अशी पळाली की काय सांगू. पोर संध्याकाळी गेली.

दुसऱ्या दिवशी अक्का रिकाम्या मांडीनं गाडीत बसल्या. नाक्यावर मला उतरवून घेतलं. आठ दिवस ठेवलं, मारलंही. खोटं कशाला बोलू, मार खाताना मला बरं वाटलं.

सुटून आलो तर मी गावात मोठा झालो होतो. अप्पा येईल त्याला सांगायचे, "ह्यानं माझ्या लेकरासाठी सरकारची मोहोर फोडली." ते बोलत असताना मी खाली मान घालायचो. लोकांना तो विनय वाटायचा. पुढं निजाम गेला, नाके उठले, सोलापूरहून मला दुप्पट पगाराचं बोलावणं आलं. जाऊ कसा? अप्पांनी मला घरचा माणूस केलं होतं. त्या घरातून पळायला दारच नव्हतं. दर भाऊबीजेला अक्का मला पाटावर बसवून ओवाळायच्या, आणि ते तबक तोंडासमोर फिरताना माझा जीव गुदमरायचा.

एका भाऊबीजेला सहन झालं नाही. अप्पा दुकानात होते. मी पाटावरून उठलो आणि म्हणालो, "अक्का, मला ओवाळू नका. मला आधीच कळलं होतं. भिऊन गप्प बसलो."

त्यांनी तबक खाली ठेवलं नाही.

"ठाव हाय," त्या म्हणाल्या. "मागच्या काचंतनं बघितलं म्या. झाकणावर हात ठेवला, आन् काढून घेतला तुमी."

मी म्हणालो, "मग इतकी वर्षं कशाला ओवाळलं?"

"ह्यांच्यासाठी. आपल्या पोरीपायी कुणीतरी जीव धोक्यात घातला, एवढंच हाय त्यांच्यापाशी. ते बी काढून घिऊ?"

मी उभाच होतो.

"बसा," त्या म्हणाल्या. "ते यायची येळ झाली."

मी बसलो.