सहाव्या स्टेजपर्यंतचं रेकॉर्डिंग

मी शाळेत गणित शिकवते. उत्तर बरोबर आलं पण पायऱ्या दाखवल्या नाहीत, तर मी मार्क कापते. मुली कुरकुरतात, "बाई, उत्तर तर बरोबर आहे ना?" मी ऐकत नाही. हे आधीच सांगून ठेवते, म्हणजे पुढे माझी जी फजिती झाली ती वाचून कोणाला माझी दया येणार नाही.

आमच्या लहानपणी भोईवाड्याच्या एका गल्लीत व्हिडिओ गेमचं पार्लर होतं. दादा तिथे पडीक असायचा. मुलींनी आत जायचं नाही असं कोणी सांगितलं नव्हतं, पण कुठली मुलगी जातही नव्हती. आई मला त्याला जेवायला बोलवायला पाठवायची आणि मी हाक न मारता दारातच उभी राहून त्याचा सैनिक किल्ल्यावर चढताना बघत राहायचे. आठ स्टेजचा गेम होता तो. एक दिवस दादा घरी आला तो सांगतच, की आज एका कॉइनमध्ये आठही स्टेज संपवल्या. चाळीतल्या पोरांनी त्याला खांद्यावर घेतलं, आईने शिरा केला आणि मी आठवडाभर त्याचं दप्तर उचललं. कोणी जबरदस्ती केली नव्हती. मला तो जगातला सगळ्यात भारी माणूस वाटायचा.

तोच गेम आता घरच्या कॉम्प्युटरवर खेळता येतो. जुन्या मशीनची हुबेहूब नक्कल करणारा प्रोग्राम असतो, त्याला इम्युलेटर म्हणतात. माझी शाळा सकाळची, नवरा संध्याकाळी येतो, त्यामुळे लालबागच्या घरात दुपारी मी एकटीच. पेपर तपासायचे सोडून वर्षभर मी रोज मरत होते. आणि एका दुपारी, पन्नाशी उलटलेल्या या बाईने, एका कॉइनमध्ये आठही स्टेज संपवल्या. दादाला फोन लावायच्या घाईत दोनदा भलत्यालाच लागला.

"काय पण फेकतेस गो," दादा म्हणाला. "पायऱ्या दाखव, बाई."

व्हिडिओ पाठवते म्हटलं तर म्हणे, व्हिडिओ काय, कोणाचाही लावशील. पण माझ्याकडे त्याहून पक्का पुरावा होता. इम्युलेटर खेळाचं रेकॉर्डिंग करतो, त्यात चित्र नसतंच. कुठल्या क्षणी कुठलं बटण दाबलं, एवढीच नोंद असते. दुसऱ्याच्या कॉम्प्युटरवर गेम खरोखर नव्याने सुरू होतो आणि तीच बटणं आपोआप दाबली जातात. खोटं बोलायला जागाच नाही. दादाने इम्युलेटर उतरवून घेतला आणि मी मोठ्या ऐटीत फाइल पाठवली.

दादाकडे माझा सैनिक पहिल्याच स्टेजला भिंतीपाशी गेला आणि तिथेच उड्या मारत राहिला. शत्रू मागून आले आणि त्याला आरामात मारून गेले. दादा फोनवर हसून हसून खोकायला लागला. त्याचा इम्युलेटर नवा आहे, माझा जुना, म्हणून असं होतंय, असं मी ठणकावून सांगितलं आणि त्याला माझ्यासारखाच जुना घ्यायला लावला. सैनिक पुन्हा भिंतीला. त्याचा कॉम्प्युटरच भंगार आहे, असंही मी म्हणाले. नेटवर या खेळाच्या शौकिनांचा एक गट आहे, तिथे तक्रार केली. एकाने विचारलं, "रेकॉर्डिंगच्या आधी काही खेळलात का?"

अर्थात खेळले होते. आमच्या पार्लरचा मालक सकाळी पहिलं कॉइन कपाळाला लावून स्वतः एक गेम खेळायचा, बोहनी म्हणून. मीही रोज आधी बोहनीचा एक गेम खेळते आणि मगच रेकॉर्डिंग लावते. त्या गृहस्थाने शांतपणे समजावलं, की बोहनीचा स्कोअर मशीन लक्षात ठेवतं. मग पुढच्या गेममध्ये शत्रू थोड्या वेगळ्या वेळी येतात, आणि दादाच्या कोऱ्या मशीनवर ते तसे येणारच नाहीत. डोळे मिटून मोरीपर्यंत जायची सवय असावी आणि कोणीतरी वाटेत बादली ठेवावी, तसं माझ्या सैनिकाचं झालं होतं. रेकॉर्डिंग भरवशाचं हवं असेल तर आधीचं सगळं पुसून, मशीन नवंकोरं करून सुरुवात करायची, हा तिथला पहिला नियम होता.

मी लगेच पुसलं. दिवाळीची साफसफाई करावी तसं एकूण एक पुसून टाकलं. मग सहज म्हणून माझं ते विजयाचं रेकॉर्डिंग माझ्याच कॉम्प्युटरवर लावलं, तर सैनिक भिंतीला! ज्या बोहनीवर ते उभं होतं तीच मी पुसली होती. जगातला एकमेव पुरावा मी स्वतःच्या हाताने, नियमाला धरून नष्ट केला होता. मला चक्क रडू आलं. संध्याकाळी नवऱ्याने डोळे लाल का म्हणून विचारलं तर कांद्यावर ढकललं. जेवायला वरणभात होता.

त्यानंतर दीड महिना मी सगळे नियम पाळून खेळले. बोहनी बंद. रेकॉर्डिंग दहा वेळा लावलं तरी दहाही वेळा तंतोतंत चालायचं, आणि दहाही वेळा मी हरायचे. शेवटी त्यातल्या त्यात बरं एक दादाला पाठवलं, सहाव्या स्टेजला खड्ड्यात पडते ते. "चालतंय का एवढंच बघ," असं लिहिलं.

रविवारी दुपारी त्याचा फोन आला.

"चाललं. पूर्ण बघितलं."

"अरे, त्या खड्ड्याच्या आधी माझं बोट घसरलं, नाहीतर..."

"ते राहू दे. चौथ्या स्टेजचा तो तुटका पूल. तिथे आधी मागे यायचं असतं होय?"

"तुला माहीत नाही?" मी विचारलं. "रोज ओलांडायचास ना?"

पलीकडे त्याने खोलीचं दार लोटल्याचा आवाज आला.

"त्या पुलाच्या पुढे मी कधी गेलोच नाही गो."

"आणि ते एका कॉइनमध्ये आठ स्टेज?"

"तेव्हा मला कोणी पायऱ्या विचारल्या?"

मी चिडले. त्याला नको नको ते बोलले, दप्तराचंही काढलं. इतकी वर्षं याच्या शब्दावर विश्वास ठेवला आणि याने माझ्याकडे मात्र पुरावे मागावेत! माझा दम संपल्यावर त्याने हळूच विचारलं,

"शेवटी काय होतं गो? आठवी संपल्यावर?"

माझा राग कुठच्या कुठे गेला. मी खुर्ची ओढून बसले.

"सैनिक किल्ल्याच्या गच्चीवर जातो," मी म्हणाले. "तलवार खाली ठेवतो आणि बसतो."

"बस? एवढंच?"

"थांब ना. मग खालून एक एक दिवा लागत जातो."

"सांग," दादा म्हणाला. "सावकाश सांग."