सुनेचा फ्रेंचचा तास

सखूबाईच्या नवऱ्याचा, भिमाजीचा, आवाज असा की डोंगराच्या या अंगाने त्याने हाळी दिली, तर त्या अंगाला भात लावणारी माणसं मान वर करायची. त्याच माणसाला पक्षाघाताने मुकं केलं. उजवा हात गेला, वाचाही गेली. कळायचं सगळं, पण तोंडून नुसतं 'आं आं'. मुलाने दोघांना ओतूरला आपल्याकडे आणलं. सखूबाई रोज विनवायची, "पाणी म्हणा, पाणी." भिमाजी घामाघूम व्हायचा आणि तोंड फिरवून घ्यायचा. हा आता कधीच बोलणार नाही, या धास्तीने तिला घास गोड लागत नव्हता.

सून रुपाली भिमाजीच्याच खोलीत मोबाइल मांडून मुलांना फ्रेंच शिकवायची. ओतुरात बसून फ्रेंच! सखूबाईला त्याचंच मोठं नवल. त्या भाषेतली क्रियापदं उसासारखी लांबच लांब. रुपाली त्यांची कांडकी करायची आणि दर कांडक्याला टेबलावर थाप मारायची.

"र-को-मां-स-रियों. सगळ्यांना सारखं वजन द्या, शेवटचं जरासं लांबवा. लिहिताना शेवटी 'एस' आहे, तो बोलताना गिळायचा."

"गिळायचाच व्हता तर लिवला कशाला?" सखूबाई पुटपुटली.

त्या दुपारी मुलं सारखी अडखळत होती. रुपालीने पुन्हा थापा मारल्या, आणि खाटेवर भिमाजीचा डावा हात त्याच ठेक्यात मांडीवर पडू लागला.

"र... को... मां... स... रियोंऽ."

मोबाइलमधली मुलं पडद्याजवळ सरकली. सखूबाईच्या हातातलं सूप कलंडलं, तांदूळ घरभर झाले. ज्याला 'पाणी' म्हणता येत नव्हतं तो माणूस साता समुद्रापलीकडचं बोलला! तिचे हात आपोआप जोडले गेले. कुणाला, ते तिलाही सांगता आलं नसतं.

"म्हंजी काय गं त्ये?"

"जमलं, तर आम्ही पुन्हा सुरुवात करू," रुपाली म्हणाली.

तास तिथंच थांबला. रुपाली सासऱ्याशेजारी बसली. "बाबा, आता तसंच ठेक्यावर आईंचं नाव. स-खू-बा-ई."

"अगं, कायतरीच काय!" सखूबाई ओरडलीच. त्यांच्या गावात नवरा बायकोचं नाव घेत नसे. लग्न झाल्यापासून भिमाजीने तिला 'अगं'च्या पुढे कधी हाक मारली नव्हती.

भिमाजीने तिच्याकडे पाहिलं. हात मांडीवर पडला.

"स... खू... बा... ईऽ."

लाजावं की रडावं, तिला समजेना. एरवी ती आत पळाली असती. आज पदर सावरून ती त्याच्यासमोर, सांडलेल्या तांदळातच बसली.

"म्हणा अजून," ती म्हणाली. "मी हितंच हाय."