वरचा जोड

"डोये मीट. एक पाय उचल. आता मोज."

रोज सकाळी साडेआठला हे तीन हुकूम सुटत. धंतोलीतल्या एका इस्पितळाच्या नव्या इमारतीचं काम चालू होतं. तिथल्या तळघरात पंधरा-सोळा माणसं हेल्मेट घालून, डोळे मिटून एका पायावर उभी राहत. तीसपर्यंत मोजायचं. त्याआधी ज्याचा पाय टेकला, तो त्या दिवशी उंचावर चढणार नाही. खाली पाइप कापेल, रंग देईल, सामान लावेल. या प्रकाराला सगळे 'बगळा' म्हणत. तो सुरू करणाऱ्याला सगळे मिस्त्री म्हणत.

मिस्त्री वातानुकूलनाचे पाइप टाकणाऱ्या कंत्राटदाराकडे मुख्य फिटर होते. साठीला आलेले, बुटके, मनगटं मात्र पैलवानाची. मी त्याच कंत्राटदाराकडे सुरक्षेची नोंदवही ठेवत असे. त्याआधीची वर्षं वर्तमानपत्रात गेली होती. तिथे मजूर पडून मेला की तीन ओळी लागत: नाव, वय, गाव. तो का पडला, हे लिहायला जागा नसे. मिस्त्रींना त्या न लिहिलेल्या चौथ्या ओळीतच रस होता.

जरीपटक्याचा एक वेल्डर होता, हाताने तरबेज, तोंडाने त्याहून. एकदा साळ्याच्या लग्नातून थेट कामावर आला. बाराव्या आकड्याला त्याचा पाय टेकला.

"मिस्त्री, एक बार अजून. माह्यं ध्यान नव्हतं."

"वर राहीन काय ध्यान?"

"पुन्हा करू द्या नं गा!"

"पुन्हा भेटत नसते. जाय, पाइप रंगव."

तो दिवसभर रंगवत आणि मिस्त्रींना शिव्या घालत होता. संध्याकाळी त्यानेच सांगितलं की ब्रश हातात धरून त्याला दोनदा झोप लागली.

पुण्याहून आलेला तरुण इंजिनिअर पहिल्याच दिवशी हसत हसत रांगेत उभा राहिला आणि नवव्या आकड्याला भिंतीला जाऊन टेकला. मिस्त्री अदबीने म्हणाले, "साहेब, आज तुम्ही नकाशा पाहा. खाली उजेड चांगला हाय." साहेबांनी दिवसभर नकाशा पाहिला.

जुन्या इमारतीतल्या रुग्णांचे नातेवाईक तळघराच्या उतारावरून हा बगळा बघत थांबत. खेड्यावरून आलेल्या एका बाईंनी विचारलं, "हे कोणच्या बिमारीवर हो भाऊ?"

"पडाच्या, माय," मिस्त्री म्हणाले.

सगळ्यांचं झालं की शेवटी ते स्वतः उभे राहत, रांगेकडे तोंड करून. मोठ्याने तीसपर्यंत मोजत, डोळे उघडत आणि म्हणत, "झालं. चला." त्याशिवाय कोणी शिडीला हात लावत नसे.

हे कुठून आलं, ते त्यांनी एकदाच सांगितलं, चहा पिताना. तरुणपणी कन्हानकडच्या एका कारखान्यात त्यांचा एक जोडीदार होता. "त्याची पोरगी तापानं फणफणून राहिली होती. तीन राती जागा होता तो. मले माहीत होतं. तरी म्या म्हटलं, चाल, दोनच बोल्ट राहिले, उरकून टाकू." त्यांनी कप खाली ठेवला. "वरून उतराले मले लई वेळ लागला." पुढचा प्रश्न विचारायची मला सवय होती. त्या दिवशी विचारला नाही.

हे काम त्यांचं शेवटचं होतं. ते संपलं की कन्हानला घरी जायचं, असं बायकोला कबूल केलं होतं. एक गोष्ट तेवढी बाकी होती. तळघरातून निघालेली थंड पाण्याची मुख्य लाइन सात मजले चढून गच्चीवर यंत्रांना मिळत होती, आणि तिथला अखेरचा जोड त्यांना स्वतः आवळायचा होता. महिनाभर ते सगळ्यांना सांगत होते, "वरचा जोड मी माह्या हातानं कसीन. मग तुमची लाइन, तुमचं पानी."

जोडाला तीन दिवस उरले असताना, एका सोमवारी, नेहमीप्रमाणे ते शेवटी उभे राहिले. अकराव्या आकड्याला त्यांचा पाय टेकला.

तोच वेल्डर म्हणाला, "फरशी वल्ली होती."

"कोरडी हाय."

"बूट सरकला असन मिस्त्री. पुन्हा करा."

"तुले देल्लं होतं का पुन्हा?"

वेल्डर खाली बघू लागला. मिस्त्री माझ्याकडे वळले. "लिहा."

मी वही उघडली आणि तसाच उभा राहिलो.

"लिहा नं साहेब. काहून थांबले?"

मी त्यांचं नाव लिहिलं. ते पाइप कापायला बसले.

मंगळवारी आठ. बुधवारी सहा. जुन्या इमारतीतल्या डॉक्टरांनी तपासलं: डाव्या कानामुळे तोल जातोय, औषधाने थोडा फरक पडेल, उंचावर मात्र आता जाऊ नका. शुक्रवारी लाइनमध्ये पाणी भरायचं ठरलेलं होतं. जोड गच्चीच्या कठड्याबाहेर होता. परांचीवर उभं राहिल्याशिवाय हात पोचत नव्हता. गुरुवारी सकाळी इंजिनिअर हळूच म्हणाला, "मिस्त्री, दोन पट्टे बांधू, दोन माणसं धरतील. अर्ध्या तासाचं काम. कोण बघतंय?"

मिस्त्रींनी बराच वेळ वर, तळघराच्या छताकडे पाहिलं. त्यांना जायचं होतं, हे सगळ्यांना दिसत होतं.

"हे सारेच पाहून राहिले नं," ते म्हणाले. मग खिशातला त्यांचा ठेवणीतला पाना वेल्डरच्या हातात दिला. "समोरासमोरचे बोल्ट कसजो. घाई करू नको."

वेल्डर वर गेला. मिस्त्री तळघरात, जिथून लाइन वर चढते तिथे, पाइपला उजवा कान लावून उभे राहिले. मीही शेजारी कान लावला. सात मजल्यांवरून पान्यावर पडणारे हातोडीचे ठोके पाइपातून खाली येत होते, बारीक पण स्वच्छ. माझ्यासाठी सगळे सारखेच. मिस्त्री बोटांवर मोजत होते. "एक झाला. आता समोरचा. बरोबर." सहाव्या बोल्टनंतर त्यांच्या कपाळाला आठी पडली. "हा ढिला राह्यला." त्यांनी खालचा एक पाना उचलून पाइपवर दोन ठोके दिले. वरचा आवाज थांबला. मग पुन्हा सुरू झाला, सावकाश, जोरात. मिस्त्रींची आठी गेली.

आठवा बोल्ट झाल्यावर वरून तीन ठोके आले. काम संपलं होतं. मिस्त्री तसेच उभे राहिले, गाल लोखंडाला लावून, डोळे मिटून. मी जरा दूर गेलो.

शनिवारी त्यांनी हेल्मेट आणि पट्टा स्टोअरमध्ये जमा केला. सोमवारी रांग लागली, सगळ्यांनी तीसपर्यंत मोजलं, आणि त्यानंतर कोणीच हललं नाही. त्यांची जागा मोकळी होती आणि माणसं त्या जागेकडे तोंड करून उभी होती. शेवटी वेल्डर म्हणाला, "चला बे." आणि त्याने शिडीला हात लावला.

नंतर मिस्त्री एकदाच भेटले, उन्हाळ्यात. नवी इमारत सुरू झाली होती. कान दाखवायला आले होते, बायको सोबत होती. पहिल्या मजल्यावरच्या बाकावर नंबराची वाट बघत बसले होते. पाइप आता कुठेच दिसत नव्हते. वर सगळीकडे पांढरं छत होतं. मी शेजारी बसलो. त्यांनी तब्येत, घर वगैरे काही विचारलं नाही.

"वरचा जोड?"

"कोरडा आहे. एक थेंब नाही."

त्यांनी मान हलवली. बाहेर रस्ता तापला होता. आत बायकोने पदर ओढून घेतला आणि कुरकुरली, "किती थंड करून ठेवलं वं माय! मानसं बिमार करतीन हे."

गळ्यातला दुपट्टा काढून मिस्त्रींनी तिच्या खांद्यांवर टाकला, नीट सारखा केला, आणि पांढऱ्या छताकडे बघत बसून राहिले.