कानावरची बिडी

आमच्या शहरातल्या बडा फुहारा चौकातून विमानतळाकडे ऑटो नेणाऱ्या त्या माणसाचं नाव मला ठाऊक नाही. त्याच्या कानावरची न पेटलेली बिडी मात्र चांगली आठवते.

तेव्हा आमच्यासारख्या लहान शहरांच्या विमानसेवेला निधी देणारं विधेयक एका नियमावर अडलं होतं. विमान कंपन्यांच्या युनियन निवडणुकीत मत न देणारा युनियनच्या विरोधात धरायचा की मोजायचाच नाही, यावरून दिल्लीत हमरीतुमरी चालली होती.

"यात भांडायचं काय, भैया? जो बोलून नाही राहिला, तो विरोधातच! लग्नं नाही झाली काय यांची?" तो म्हणाला. मग आरशात बघून त्यानं आम्हा प्रवाशांना विचारलं, "बिडी पेटवू काय?"

माझ्या तोंडात पान होतं, शेजारचा झोपला होता, तिसरा फोनमध्ये गुंग होता. तिन्ही मतं विरोधात धरून त्यानं बिडी कानावरच ठेवली.

निधी काही आला नाही आणि आमचं सकाळचं विमान बंद झालं.

परवा तो फुहाऱ्याजवळ रिकाम्या ऑटोत बसलेला दिसला. मला पाहून हसला, कानावरची बिडी काढून मागच्या सीटकडे वळला आणि अदबीनं म्हणाला, "पेटवू काय?"

थोडा वेळ थांबला.

"पाहा भैया, अजूनही विरोधातच आहेत," म्हणत त्यानं बिडी पुन्हा कानावर ठेवली.