निळ्या डोळ्यांचं घराणं

‘पोरीला जरा उजेडात आणा,’ म्हणायचा आणि मुलीला उंबऱ्याशी उभी करून तिची मान, कोपर, कपाळावरचे केस न्याहाळायचा. आमच्या मंगळवार पेठेतल्या गल्लीत लग्नं जुळवणारा हाच. तोंडावर मी त्याला आबा म्हणायची; इथं अहो-जाहो करायला जीभ वळत नाही.

गडमुडशिंगीच्या एका मुलीच्या मानेवर डाग दिसला, तर भर बैठकीत ‘कोड हाय, घराणं स्वच्छ न्हाय’ म्हणून मोकळा झाला. वर तिच्याच हातचे पोहे खाऊन उठला. स्वतःच्या मुलाचे निळे डोळे मात्र तो दागिन्यासारखे मिरवायचा.

त्या मुलाला मुलगी झाली. तिचेही डोळे निळे, म्हणून गल्लीभर पेढे. पण वर्षाची होत आली तरी पोर हाकेला वळेना. ‘हे खूळ तुमच्याकडचं,’ असं सुनेला सुनावून त्यानं दोघींना चंदगडला, तिच्या माहेरी धाडलं.

सून तिथून थेट माझ्याकडे आली. मी कानाच्या दवाखान्यात ऐकणं तपासते. बाळाला काहीच ऐकू येत नव्हतं. ऑपरेशन करून कानात यंत्र बसवायचं, त्याची चकती डोक्याला बाहेरून लागते; पण करायचं तर लवकर, नाहीतर बोलणं कायमचं मागे पडणार होतं.

डॉक्टरांनी मुलाचं, सुनेचं आणि नातीचं रक्त तपासलं, मग सगळ्यांना बोलावून समजावलं. पॅक्स-थ्री नावाचं एक जनुक स्वतः काही करत नाही, दुसऱ्या जनुकांना कामाला लावतं. आईच्या पोटातच रंगाच्या पेशी घडवून केसांत, डोळ्यांत आणि कानाच्या आतही पोचवायचं काम त्याच्या हुकमानं चालतं. ते बिघडलं की एकाच घरात कुणाचे डोळे निळे होतात, कुणाची बट पांढरी होते, कुणाचा कान जातो. मुलात आणि नातीत तेच बिघडलं होतं. घरात कुणाची बट लहानपणापासून पांढरी आहे का, असं डॉक्टरांनी विचारलं. आबाचा हात कपाळावरच्या केसांकडे गेला.

त्याची बायको पहिल्यांदाच बोलली. ‘ह्यांची हाय की, जल्मापासनं. लगीन झाल्यापासनं मीच कलप लावतोय.’

तरी हा अडून बसला. पोरीच्या डोक्याला यंत्र दिसलं तर आपल्या दारात स्थळं कोण आणणार, ही त्याची काळजी. इतका हलका माणूस मी दुसरा पाहिला नाही. शेवटी मुलानं बापाला न विचारता ऑपरेशनच्या कागदावर सही केली.

यंत्र सुरू केलं त्या दिवशी आईच्या हाकेनं पोर दचकली, वळली. आबाच्या डोळ्यांना धार लागली. मलाही त्याची कीव आली, खोटं कशाला सांगू. डोळे पुसत तो नातीच्या डोक्यावरून माझ्याकडे वाकला आणि म्हणाला, ‘गल्लीत इचारलं तर तापानं कान गेलतं म्हणून सांगा.’

पोर त्याच्या तोंडाकडे टक लावून बघत होती. आजोबाचं तिच्या कानावर पडलेलं पहिलं वाक्य ते.